आत बोलू नये

११ ऑगस्ट २०२५, सोमवार

नवी वही, नवी नोकरी, नवी खोली. तिन्ही एकाच दिवशी पदरात पडायला नशीब लागतं. माझ्या नशिबावर माझा फारसा भरवसा नाही, म्हणून सकाळी कळंबहून निघताना आईने दिलेली दहीसाखर मी दोनदा खाल्ली.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका डाळमिलच्या मागे विठ्ठलराव सरांचं शेड आहे. सर कृषी महाविद्यालयात शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, सरांनी बंद खोलीत केशर लावलं. यवतमाळात केशर! बाहेर कापूस, सोयाबीन आणि दाराआड थेट काश्मीर. खोली अंधारी आणि गार. लाकडी मांडण्यांवर ट्रे, ट्रेमध्ये लसणाच्या गड्ड्यांएवढे कंद. माती नाही, पाणी नाही, नुसत्या हवेवर जगतात. ऑक्टोबरअखेर त्यांना जांभळी फुलं येतील. तोवर थंडावा आणि ओल सांभाळायची, कुजका कंद दिसला की उचलायचा, आणि ओल ओढणाऱ्या मशीनचं पाणी काढून टाकायचं, एवढंच माझं काम. बी.एस्सी.ला लग्नाआधी जे शिकले ते पहिल्यांदाच उपयोगी पडणार.

दारावर लाल रंगात पाटी आहे : ‘आत बोलू नये’. सर स्वतःही आत शिरले की गप्प होतात आणि पाटीवर खडूने लिहून सांगतात. मला हसू आलं. बाहेर आल्यावर म्हणाले, तोंडातून ओल जाते, कंदांना बुरशी धरते. दुसरा नियम, मशीनचं पाणी मोरीतच ओतायचं, दुसरीकडे कुठेही नाही. त्याचं कारण मात्र त्यांनी सांगितलं नाही.

मागच्या सामानाच्या खोलीत पाण्याचे चार छोटे पांढरे कॅन ठेवलेत. मशीनचंच पाणी, गेल्या हंगामातल्या माणसाने इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला भरून ठेवलेलं. प्रत्येकावर ठसठशीत अक्षरात ‘रामधन, ऑक्टोबर’. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

नोकरी का हवी होती तेही लिहून ठेवते. निशिगंधा, माझी निशू, सहा वर्षांची. आता आईकडे कळंबला आहे. सहा नोव्हेंबरला कोर्टात तिच्या ताब्याची तारीख आहे. अतुल वाईट माणूस नाही, हे मी वकिलांनाही सांगितलं. तो फक्त नसतो. लग्नानंतरची सगळी वर्षं राजूरच्या कोळशाच्या ट्रकवर गेली. निशूला वणीच्या दवाखान्यात तापात झटका आला तेव्हाही तो नव्हता. आता त्याला मुलगी हवी. वकील म्हणाले, तुम्ही काही सिद्ध करू नका, नोकरी धरा आणि रोज पोरीचं काय काय करता ते न अडखळता सांगा. बापाला तेच येणार नाही.

तर मला न अडखळता सांगायचंय. बस, इतकंच.

१६ ऑगस्ट, शनिवार

सर केशरातले जाणकार असतील, मशीनच्या बाबतीत मात्र अगदीच कच्चे. मशीन पार मागच्या कोपऱ्यात, पाठ भिंतीला टेकवून ठेवलेली, भोवती खडूची चौकट. अशी कोंडून ठेवली तर हवा ओढणार कुठून? मी तीन दिवस आकडे घेतले. कोपऱ्यात ओल अठ्ठावन्न टक्के, दाराकडे चौऱ्याहत्तर. दाराकडचे सात कंद मऊ पडले होते.

आज मशीन ओढून खोलीच्या मधोमध आणली. मागे मोकळी जागा, पुढचा झोत ट्रेवर न येता वाटेत सुटेल असा. म्हणजे बरोबर माझ्या स्टुलासमोर आली. संध्याकाळपर्यंत सगळीकडे बासष्ट! मला स्वतःचाच अभिमान वाटला.

सरांनी रिकाम्या खडूच्या चौकटीकडे बराच वेळ पाहिलं. आकडे पाहिले. मग पाटीवर लिहिलं, ‘बसायचं असेल तर बाहेर बसत जा.’ शाबासकी द्यायला जीभ वळत नाही, हे ऐकलं होतं. यांचा खडूही वळत नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

पाऊस थांबायचं नाव घेत नाही आणि मशीन दिवसातून तीनदा भरते. टाकी सहा लिटरची. भरली की लाल दिवा, टूं टूं, मशीन बंद. म्हणून मी पाइप लावला. पाइप सरळ उतरता हवा, मध्ये कुठे कमान झाली की पाणी अडतं आणि मागे फिरतं. दोन वेळा चुकला, तिसऱ्यांदा विटेचा टेका देऊन जमवला. आता पाणी दाराजवळच्या वीस लिटरच्या कॅनमध्ये आपोआप येतं.

हे असं काचेसारखं पाणी मोरीत ओतायला माझा हात होत नाही. आमच्याकडे तांदूळ धुतलेलं पाणीही झाडाला जातं. नळ कधी चार दिवसांनी, कधी आठ दिवसांनी. गेटजवळ कडुलिंबाखाली मथुराबाईंची चहाची टपरी आहे. तिथे त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी दोन रांजण ठेवलेत. बिचाऱ्या साठीच्या वयात हापशीवरून कळशा वाहतात. मी कॅन नेऊन रांजणात रिकामा केला. मशीनचं पाणी पिऊ नये असं पुस्तकात आहे, पण पुस्तक लिहिणाऱ्याने आमचा नळ पाहिला नसावा. मथुराबाईंनी तुरटी फिरवली, चाखलं, आणि म्हणाल्या, व माय, हे तं गोड आहे! आता रोज आणून देत जाय.

सरांना सांगायची गरज नाही. पुण्याच्या कामाला परवानगी कशाला?

३० ऑगस्ट, शनिवार

रामधन कोण ते कळलं. टपरीच्या बाकावर एक म्हातारा रोज सकाळपासून बसलेला असतो, मिशा पांढऱ्या, एक शब्द बोलत नाही. तोच. गेल्या हंगामात माझ्या जागेवर होता. मथुराबाई सांगत होत्या की आधी मोठा बोलका माणूस, कंदांशीसुद्धा गप्पा हाणायचा. दिवाळीनंतर हळूहळू मुका झाला. वणीहून त्याची लेक सलोनी भेटायला आली, तर तिलाच विचारतो हातवाऱ्यांनी, तू कोण. पोट्टी रडत रडत गेली म्हणे. डोक्यावर परिणाम झाला, दुसरं काय.

माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेलं. रामधन रांजणाचं पाणी पितो. एक नाही, सात-आठ ग्लास. प्रत्येक ग्लास तोंडात धरतो, डोळे मिटतो, मग मान हलवतो. चुकीची वस्तू हाती लागल्यासारखी.

५ सप्टेंबर, शुक्रवार

पाटीचा नियम मोडला. काय करणार? माझ्या खोलीशेजारी पिठाची गिरणी, इथे बाहेर डाळमिल. फोनवर निशूचं एक अक्षर ऐकू येत नाही. कंदांच्या खोलीत मात्र किती शांत! दुपारी दोनला, ती शाळेतून आली की, मी आत स्टुलावर बसून फोन लावते.

रोज कासवाची गोष्ट लागते. कासवाला एसटीने कळंबच्या चिंतामणीला जायचं असतं. एसटी येते, ते पाय उचलतं, तोवर एसटी जाते. शेवटी कासव स्टँडवरच संसार मांडतं. पुढचं रोज नवीन. काल कासवाने कंडक्टरला जावई करून घेतलं. मग जेवणाची चौकशी. निशू भेंडी खात नाही, पण भेंडीला ‘हिरवे खडू’ म्हटलं की चार जास्त खाते.

फोन ठेवला की मी कोर्टाची तयारी करते. मोठ्याने, उभी राहून, कंदांसमोर. तिला ताप आला की ती उजव्या कुशीवर झोपते, पट्टी कपाळावर नको म्हणते, तळपायावर ठेवा म्हणते. इथे दर वेळी मी खाकरते, मग पुढे जाते. आज सलग सात मिनिटं बोलले. मशीन समोर घुरघुरत होती. श्रोता म्हणून वाईट नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांत पाणी घातलं. रामधनचे तीन कॅन संपले, चौथा अर्धा उरला. त्यात माझं आजचं पाणी ओतून तो पुन्हा भरून ठेवला. नावाची पट्टी तशीच राहू दिली.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज एक गोष्ट खटकली. मथुराबाई डबा उघडून बसल्या होत्या. भाजी पाहून सहज म्हणाल्या, आज हिरवे खडू केले बाई, तुह्या पोट्टीवानी.

मी त्यांना हे कधी सांगितलेलं नाही. निशूचं नावही सांगितलेलं नाही. विचारलं तर त्यांनाच नवल वाटलं. तूच बोलली असशील, नाहीतर मले कसं माहीत? आई म्हणते माझ्या नाकाला संशयाचा वास आधी येतो. पण मी बोलले नाही, एवढं मला ठाऊक आहे.

२४ सप्टेंबर, बुधवार

गावात दुर्गोत्सवाची रोषणाई, डाळमिलच्या हमालांची अर्धी सुट्टी. टपरीवर पाच-सहा जण बसून खिदळत होते. एक जण गोष्ट सांगत होता. कासवाची. एसटीची. कंडक्टर जावयासकट!

मी तिथेच विचारलं, ही गोष्ट कोणी सांगितली? कोणालाच आठवेना. लहानपणी ऐकली असंल म्हणे एक. दुसरा म्हणाला, नाही बे, ही तं माह्या आईची गोष्ट. ती गोष्ट मी बनवली, कंडक्टर जावई तर याच महिन्यात.

खोलीत सरांचा कॅमेरा आहे. सर घरून मोबाइलवर ट्रे बघतात. बाहेर बसत जा म्हणाले ते नुसतं दाखवायला. म्हणजे आवाजही ऐकू येत असणार. ऐकतात, वर गावभर सांगतात. शिकलेल्या माणसाला शोभतं का हे?

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सरांना थेट विचारलं. त्यांनी आपला मोबाइल माझ्या हातात दिला. नुसते ट्रे दिसतात, मी नाही, आणि आवाजही नाही. कॅमेरा खोलून दाखवला. माइक नाही. मग त्यांनी मला विचारलं, आवाजाचा प्रश्न का आला? तू आत बोलतेस का?

मी नाही म्हणाले. सर माझ्या ओठांकडे बघत होते. मग विचारलं, पाणी कुठे टाकतेस? मोरीत, म्हणाले. एका दमात दोन थापा. पण त्यांचा प्रश्न मला आवडला नाही. आवाज आणि पाणी त्यांनी लागोपाठ का विचारावं?

१ ऑक्टोबर, बुधवार

निशू फोनवर रुसली. गोष्ट हवी होती आणि मला सुरुवातच सापडेना. कुठला तरी प्राणी, बस की रेल्वे. ती ओरडली, कासव, आई, कासव! मी म्हटलं, हो, कासव, आणि पुढे गप्प. शेवटी तिनेच मला गोष्ट सांगितली, आणि मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकली. छान आहे.

दमले असेन. बाजारातही आज असंच झालं. एक भाजी, हिरवी, बोटाएवढी, टोकाला निमुळती. बाईला बोट दाखवून मागितली.

४ ऑक्टोबर, शनिवार

वही पहिल्यापासून वाचली. ५ सप्टेंबरचं पान दोनदा वाचलं. अक्षर माझं, मजकूर दुसऱ्या कोणा बाईचा वाटतो. तिला किती काय काय माहीत आहे!

आता परीक्षा घेते. आज दुपारी मी आत स्टुलावर बसून, फोन न करता, एक धादांत खोटं वाक्य दहा वेळा म्हटलं : ‘माझ्या मावशीकडे पांढरा बैल आहे, त्याचं नाव कलेक्टर.’ मला मावशीच नाही. कोणाला सांगितलं नाही, फक्त इथे लिहिलं. पाणी नेहमीसारखं रांजणात.

६ ऑक्टोबर, सोमवार

मथुराबाईंनी चहा देता देता विचारलं, काहून व, तुह्या मावशीचा कलेक्टर कसा आहे?

मला त्या कशाबद्दल बोलतात तेच कळेना. हसले, पैसे दिले, आले. आत्ता वही उघडली तर ४ तारखेची ओळ. अक्षर माझं. मला हे म्हटल्याचं आठवत नाही. दहा वेळा म्हटलंय म्हणे. एकदाही आठवत नाही. मुरलेलं जायला महिना लागला, हे ताजं दोन दिवसांत गेलं.

पाणी. कॅमेरा नव्हे, सर नव्हेत. पाणी. मी बोलते, वाफ सुटते, समोरची मशीन ती ओढते, आणि माझं बोलणं पाइपने उतरून कॅनमध्ये येतं. माझ्याकडे उरत नाही. जो पितो त्याचं होतं.

मशीन मीच समोर आणून ठेवली. रांजण मीच भरला. उद्यापासून सगळं मोरीत.

९ ऑक्टोबर, गुरुवार

टपरीवर अतुल होता.

आधी वाटलं भास. डाळमिलचा टेम्पो, चालवणारा अतुल. मी दिवसभर शेडच्या आत, म्हणून आजवर गाठ पडली नाही. मथुराबाईंना विचारलं तर म्हणाल्या, तो होय? कोळशाचं काम सोडून आला, पोळ्यापासून इथंच आहे, भला माणूस. दिवसातून चार फेऱ्या. दर फेरीला इथं थांबते, गटागटा पानी पेते. म्हणते, मावशी, तुह्या पान्यानं जीव थंड होते.

पोळ्यापासून. म्हणजे सगळा सप्टेंबर. माझी सगळी तयारी, सात-सात मिनिटं, रोज.

त्याने मला पाहिलं. भांडायच्या आवेशात नव्हता. जवळ येऊन हळूच म्हणाला, मोनाली, निशूले ताप आला की पट्टी तळपायावरच ठेवत जाय बरं. त्याचे डोळे भरले होते. मी मान डोलावली. मला हे माहीत नव्हतं.

वहीत बघितलं. आहे. ५ सप्टेंबर.

११ ऑक्टोबर, शनिवार

सरांना सगळं सांगितलं. मला बाहेर कडुलिंबाखाली नेलं. ते घाबरले नाहीत, चिडलेही नाहीत, याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणाले, पाटी मी रामधननंतर रंगवली. बोललेलं परत येत नाही, मला एवढंच ठाऊक आहे. मोरीत गेलं तर निदान कोणाच्या पोटात जात नाही. मशीन बंद करा म्हटलं, तर म्हणाले, कंद कुजतील. आधी का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर तू राहिली असतीस का, एवढंच.

असा राग आला की हातातला कॅन त्यांच्या अंगावर फेकावा. फेकला नाही. सहा तारखेला कोर्टात नोकरी दाखवायची आहे. मशीन ढकलत खडूच्या चौकटीत परत नेली. फोन आता रस्त्यावरून.

२५ ऑक्टोबर, शनिवार

फुलं आली. जांभळी, पहाटेपर्यंत मिटलेली, सकाळी आठला उघडतात. सगळा दिवस आत बसून खुडायची. दाराकडचे कंद पुन्हा मऊ पडले, म्हणून सरांनी मशीन परत मध्ये आणली. मी तोंडाला ओढणी बांधते. तरी मध्येच जाणवतं, ओठ हलतायत. मी पुटपुटतेय. काय पुटपुटत होते ते आठवत नाही. कॅन भरत राहतो.

रामधन दारापर्यंत येऊन उभा असतो. हातात ग्लास. आता कळलं तो इतके दिवस रांजणात काय शोधतो. स्वतःला. आणि त्याला मिळत होते मी.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

वकिलांनी तयारी घेतली. मी वहीतून पाठ केलेलं म्हटलं. ते म्हणाले, असं परिपाठासारखं नको, मनातून बोला.

मनात—

निशूच्या हनुवटीखाली खूण आहे. फोटोत दिसली. कशाने झाली? आईला विचारलं, तर आई रडायला लागली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कोर्टात वही उघडू दिली नाही. न्यायाधीश बाई शांतपणे विचारत होत्या. मुलगी रात्री दचकून उठली तर काय करता? मी उभी. वहीत नव्हतं. घोटभर पाणी प्यायले, मग नुसतीच उभी.

मग अतुल. न अडखळता. ताप, कूस, तळपाय, हिरवे खडू, हनुवटीखालचा पायरीचा मार. माझ्याच शब्दांत. जिथे मी खाकरायचे तिथे तोही खाकरला. वणीच्या दवाखान्यातली रात्र त्याने अशी सांगितली की माझे वकीलही खाली बघायला लागले. तो तिथे नव्हता. पण तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत होतं.

तात्पुरता ताबा त्याला.

बाहेर निशू माझा हात सोडेना. त्याने उकिडवं बसून तिला गोष्ट सुरू केली. ती थांबली. हसली. त्याच्या मांडीवर बसली. जाताना मागे वळून म्हणाली, आई, तुला येत नाही ना, मग बाबाकडून शिकून घे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

एकच कॅन. सामानाच्या खोलीत. १२ सप्टेंबर, वहीत आहे. अर्धा रामधनचा, वर माझं पाणी. माझं त्या दिवसांतलं एवढंच उरलंय.

सकाळपासून कॅनसमोर बसले आहे. रामधन खिडकीबाहेर. त्याने पट्टीवरचं नाव वाचलं. ओळखलं. ग्लास पुढे केला. हे पाणी त्याचं आहे, मला कळतं. त्याचंही एवढंच उरलंय.

पण त्याची लेक मोठी आहे. माझी सहा वर्षांची—

वेगळं करता येत नाही. गाळून, निवळून, काही नाही. एकतर तो, नाहीतर मी.

दाराला आतून कडी घातली. तो काच वाजवतोय. मला लाज वाटतेय, खूप वाटतेय, तरी मी—

गोड आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज किती मोकळं वाटून राह्यलं! सगळं परत आलं. काल उगाच घाबरलतो.

माही लेक सलोनी. भेंडी खात नाही पोट्टी, हिरवे खडू म्हटलं की चार जास्त खाते. तिले खांद्यावर घेऊन वणीच्या स्टँडवर उभा राहो, तं माह्या मिशा ओढे, अन् कासवाची गोष्ट सांग म्हने. ताप आला की पट्टी तळपायावर. सगळं आठवते, एक एक गोष्ट. उद्याच वणीले जातो, तिले घेऊन येतो.

फोन वाजलता. कोनाची तरी लहान पोट्टी, आई आई करून रडून राह्यली. बिचारी. राँग नंबर म्हनून ठेवून देला.

खिडकीत एक म्हातारा उभा आहे, गिलास घेऊन. कायले पाहून राह्यला असा? ओळखीचा वाटते. पांढऱ्या मिशा, हा चेहरा मी रोज दाढी करताना आरशात—